बिनक्लचची मोटार आणि एक कबुली

तीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ गुन्हे हातावेगळे केले. आता त्यांतले बरेचसे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला वेळ लागतो. कारंजा घाडगे ठाण्यातलं मोटारीचं प्रकरण मात्र मी अजून क्रमवार सांगू शकतो. त्या प्रकरणात एका निरपराध माणसाला मी स्वतःच्या हाताने तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं होतं.

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिकत. कागदोपत्री मी फौजदार झालो होतो, पण लोक जुन्या सवयीने ठाणेदारच म्हणत. ठाणं नागपूर-अमरावती रस्त्यालगत होतं. ट्रकांची वर्दळ, दोन-तीन ढाबे, संत्र्यांचे बगीचे आणि आठवड्याचा बाजार. माझ्या हाताखाली एक जमादार, एक लेखनिक आणि सात शिपाई.

गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, विधवा, बोलणं तुटक, पण हाताला यश होतं. आसपासच्या चाळीस गावांतल्या बायका त्यांच्याकडे बाळंतपणाला येत. अडलेली बाई नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची म्हणजे बसची वाट पाहावी लागे. वाट पाहता पाहता दोन बायका गेल्या होत्या. म्हणून बाईंनी नागपूरच्या एका दलालाकडून जुनी अमेरिकन मोटार घेतली. कुठल्याशा जमीनदाराने ती विकायला काढली होती. लांबलचक, हिरव्या रंगाची, स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला. विशेष म्हणजे तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. ड्रायव्हरने दांडी एका खुणेवर ठेवली आणि पाय दाबला की झालं. गाव ती मोटार पाहायला लोटलं होतं.

ड्रायव्हर सिंदीकडचा होता. तिशीतला, काळासावळा, मोजकं बोलणारा. आधी ट्रकवर होता. आदल्या वर्षी त्याने नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या दिराला वाटलं. हे दीर गावातलं मोठं प्रस्थ. भावजयीने आपल्याला न विचारता मोटार घेतली आणि त्यावर हा ड्रायव्हर ठेवला, हे त्यांना रुचलं नव्हतं.

मोटार घेऊन तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी बाईंना तळेगावच्या पलीकडच्या खेड्यातून बोलावणं आलं. भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याची बायको दोन दिवसांपासून अडली होती. डॉक्टरीणबाई मोटारीने गेल्या, अडलेल्या बाईला तपासलं, मूल आडवं आहे हे ओळखलं आणि तिला तिच्या नवऱ्यासकट मोटारीत घालून थेट नागपूरची वाट धरली. कारंजा मागे पडलं. आमच्या हद्दीच्या टोकाला एक लांब चढण आहे. तिथे मोटार हळू झाली, इंजिन मोठमोठ्याने ओरडू लागलं आणि मोटार जागीच थांबली. ड्रायव्हर पाय दाबत होता, इंजिन गर्जत होतं, चाक एक वीतही पुढे सरकत नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं. शेतात काम करणारे लोक धावत आले, मागून ढकलू लागले. मोटार ढकलल्यानेही हलेना.

तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. नागपूरकडे जाणारा संत्र्यांचा ट्रक त्याने अडवला. पेट्यांवर वाळलं तणीस अंथरून त्या बाईला झोपवलं, डॉक्टरीणबाई आणि नवरा वर चढले आणि ट्रक गेला. ड्रायव्हर मोटारीपाशी राहिला.

येणाऱ्या एका ट्रकवाल्याने बातमी गावात आणली आणि तासाभरात डॉक्टरीणबाईंचे दीर पंधरा-वीस माणसं घेऊन ठाण्यात आले. अडलेल्या बाईच्या माहेरची दोन माणसं सोबत होती. त्यांचे डोळे तांबारले होते.

“लिहून घ्या ठाणेदारसाहेब,” दीर म्हणाले. “त्या ड्रायव्हरनं जाणूनबुजून गाडी बिघडवली. बाई मेली तर खून म्हणून लिहा.”

“कशावरून म्हणता?”

“चांगली चालती गाडी अशी बंद पडते का? आन् दहा माणसं ढकलून राह्यले होते, तरी हलली नाई. त्यानं चाकं जाम करून ठेवली होती.”

फिर्याद लिहून घेतली. जमादाराला पाठवून ड्रायव्हरला ठाण्यात आणवलं आणि मोटारीपाशी शिपाई बसवला. ड्रायव्हर आला तो थेट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “साहेब, ते बाई पोचली का नागपूरले? काई निरोप आला का?”

निरोप आला नव्हता. मी त्याला व्हरांड्यात बसवलं.

संध्याकाळी जमादार खबर घेऊन आला. नागपूर रस्त्यावरच्या ढाब्याच्या मालकाने त्याला सांगितलं होतं की, त्याच दिवशी सकाळी ड्रायव्हरने ढाब्यामागे मोटार उभी केली, मोटारीतली पुढची सतरंजी उचलली आणि खालच्या पत्र्यातल्या एका भोकातून डबाभर काळं तेल आत ओतलं. ओतताना इकडेतिकडे पाहत होता. जमादार चाळीस वर्षांचा, अनुभवी माणूस होता, पण मनात काही गोष्टी पक्क्या बसलेल्या. म्हणाला, “साहेब, मी तं आधीच म्हणत होतो. हे लोक आता फार शेफारले.”

मी त्याला गप्प केलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते लिहिलं पाहिजे. मी फक्त ढाबेवाल्याचा जबाब घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन मी मोटारीकडे गेलो. ड्रायव्हरला सोबत नेलं. पंचनामा करण्याआधी त्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. इंजिन सुरू झालं. त्याने दांडी खाली ओढली आणि कालची ती अडेलतट्टू मोटार लोण्यासारखी पुढे सरकली. उरलेली चढण ती चढून गेली. पुढे वळवून आम्ही तिच्यातच बसून ठाण्यात आलो.  पंच म्हणून आलेले गावचे सरपंच माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. मोटारीत काहीच बिघाड नाही, म्हणजे काल ती मुद्दाम बंद पाडली.

ड्रायव्हरचा चेहरा मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गोंधळलेला होता. त्या वेळी मला ते सोंग वाटलं.

रीतसर अटक दाखवून मी त्याला हवालातीत घातलं आणि दुपारी विचारपूस सुरू केली. त्याला मारहाण केली नाही. आवाजही चढवला नाही. ढाबेवाल्याचा जबाब वाचून दाखवला.

त्याने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, “होय जी. ओतलं मी तेल.”

“कुठं ओतलं?”

“गिअरबॉक्सात. सतरंजी धुवाले काढली तवा खाली झाकण दिसलं. आत तेल मोजाची पट्टी होती. रोज सकाळी गाडीखाली तेलाचा डाग दिसे. पट्टी पाह्यली, तं तेल कमी. पट्टीवर जे तेल होतं ते बोटानं चोळून पाह्यलं. आपल्या ट्रकच्या गिअरात घालते तसंच जाड होतं. तसाच डबा आणला अन् घातला.”

“बाईंना सांगितलं का?”

“नाई.”

“काऊन नाही सांगितलं?” मीही नकळत त्याच्याच बोलीत विचारलं.

“दलालानं बाईले बजावलं होतं, या गिअरबॉक्साले कोनी हात लावाचा नाई. मले वाटलं, सांगतलं तं नोकरी जाईन.” मग हळू आवाजात म्हणाला, “माह्याच तेलानं झालं असन साहेब. ते बाई गेली असन तं माह्या हातानं गेली. तुम्ही लिहा, मी अंगठा देतो. सही येते मले, सही करतो.”

मी लिहून घेतलं. लेखनिकाने शाई पुढे केली. गुन्हा उकलला होता. आर्वीच्या मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे कागद तयार करायला मी सांगितलं आणि चहा मागवला.

पण चहा पिताना एक गोष्ट खटकू लागली. त्याने तेल ओतल्याचं कबूल केलं, पण चाकं जाम केल्याचा उल्लेखही केला नाही. कबुली देणारा माणूस सहसा अर्धवट कबुली देत नाही. निदान विचारलं तर काही तरी सांगतो. मी त्याला परत बाहेर काढलं आणि म्हटलं, “चाकं कशी जाम केली, ते दाखव.”

तो म्हणाला, “मी नाई केली साहेब. या गाडीले हातब्रेक चांगला नाई. म्हणून चढणीवर मी दांडी मागच्या गिअरात टाकतो. इंजिन बंद असलं अन् दांडी तिथं असली का ही गाडी हलत नाई. दलालानंच दाखवलं होतं. त्या घाईत मी दांडी काढाची इसरलो.”

आवारात मोटार उभी होती. त्याने इंजिन बंद करून दांडी मागच्या गिअरच्या खुणेवर ठेवली. मी चार शिपायांना ढकलायला लावलं. मोटार तसूभर हलली नाही. दांडी मधे, न्यूट्रलवर, घेताच ती एका धक्क्याने गडगडत पुढे गेली. फिर्यादीतला सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा पाच मिनिटांत उरला नाही. मग माझ्या मनात आलं, एक गोष्ट आपण चुकीची समजलो असू, तर दुसरीही चुकीची असू शकते.

मी कागद बाजूला ठेवायला सांगितले.

चारच्या बसने डॉक्टरीणबाई परतल्या. घरी न जाता सरळ ठाण्यात आल्या. लुगड्यावर संत्र्याच्या पेट्यांचे ओरखडे, डोळ्यांत झोप नाही. खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, “आई जिवंत आहे. मूलही जिवंत आहे. मुलगी झाली.”

त्या क्षणी ठाण्यात जे घडलं ते मी विसरलेलो नाही. हवालातीतून कोणी तरी रडत असल्याचा आवाज आला. ड्रायव्हर गजांना डोकं टेकून रडत होता. नोकरीत मी अनेक कैदी रडताना पाहिले, पण त्यांतले बहुतेक स्वतःसाठी रडत. आदल्या दुपारपासून या माणसाने किती वेळा त्या बाईची चौकशी केली आणि स्वतःचं काय होणार हे एकदाही विचारलं नाही, हे मला तेव्हा उमगलं.

मी बाईंना सगळं सांगितलं. 

“त्याने ट्रक अडवला नसता तर ती वाचली नसती,” त्या म्हणाल्या. “जामीन मी राहते. आत्ता सोडा त्याला.”

“सोडतो. पण बाई, मोटार घेताना तुम्ही चालवून पाहिली होती का?”

“पाहिली ना. दलालाने सकाळी सहाला बोलावलं होतं. उन्हं वर यायच्या आत चला म्हणाला. मैलभर फिरवून आणली. छान चालली.”

“त्यानंतर लांब कुठं गेलात?”

त्यांनी आठवून पाहिलं. गावातल्या गावात, फार तर चार मैलांवर. काल पहिल्यांदाच मोटार तळेगावपलीकडे जाऊन आली आणि न थांबता नागपूरच्या वाटेला लागली.

पुलगावला माझी आधी बदली होती, तेव्हा तिथे लष्करातून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रीशी ओळख झाली होती. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या बाजूला त्याने अमेरिकन गाड्यांवर काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने शिपाई पाठवला. संध्याकाळी मिस्त्री एक पिशवी घेऊन हजर झाला. खांद्याला वाकलेला, पांढरी मिशी, बोलण्यात निम्मं हिंदी. रात्री मुक्काम केला आणि सकाळी कामाला लागला. मला वाटलं, तो मोटार उघडून बसेल. तो म्हणाला, “आधी हिला पळवू. थंड्या गाडीले काय विचारता? ठंडी असली का सगळ्याच गाड्या गरीब.”

मी ड्रायव्हरला मुद्दाम ठाण्यात बसवून ठेवलं, जमादाराच्या नजरेसमोर. मोटारीत मिस्त्री चाकावर, मी शेजारी, मागे सरपंच आणि बाईंचे दीर. दिरांना मी आग्रहाने घेतलं. तळेगावपर्यंत गेलो, परतलो, कारंजा ओलांडून न थांबता चढणीकडे निघालो. मोटार छान चालत होती. दीर म्हणाले, “पाहा, काई झालंय का हिले?” मिस्त्री कान देऊन इंजिन ऐकत होता. एका जागी म्हणाला, “आता गिअर बदलाले वेळ लावून राह्यली. ऐकलं?” मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

चढण लागली. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग उतरला. मिस्त्रीने पाय आणखी दाबला. इंजिन ओरडायला लागलं. मोटार थांबली.

 ड्रायव्हर तिथून बारा मैलांवर जमादारासमोर बाकावर बसला होता.

सरपंच हळूच म्हणाले, “म्हणजे त्याचा काही हात नाही.”

मला एकदम हलकं वाटलं. मी खाली उतरलो आणि उगाचच रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

अर्धा तास थांबल्यावर मोटार पुन्हा चालू लागली. ठाण्याच्या आवारात मिस्त्रीने सतरंजी उचलली, पट्टी काढली, तेल हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं. जळका वास होता. मग त्याने मोटारीखाली घमेलं ठेवून सगळं तेल काढलं. ड्रायव्हरने वापरलेला रिकामा डबा जप्तीत होताच. मी त्याच डब्याने तेल मोजायला लावलं. चार डबे पुरे भरले, पाचवा निम्मा. सगळं सारखंच, काळं आणि जाड.

“यानं किती घातलं म्हणता?” मिस्त्रीने विचारलं.

“एक डबा.”

“मंग बाकीचं कोनं घातलं?” तो पुसता पुसता सांगू लागला. अशा गिअरबॉक्सात पातळ तेल लागतं. तेलाच्या दाबावरच त्याचं सगळं काम चालतं. आतल्या चकत्या झिजल्या, तेल अडवणारे रबरी सील गेले की दाब राहत नाही आणि मोटार घसरते. मग विकणारा त्यात जाड तेल भरतो. मोटार थंड आहे तोवर जाड तेल दाब धरून ठेवतं. गळतीही कमी दिसते. मोटार तापली की तेच तेल पातळ होतं, फेस धरतं आणि दाब जातो. “म्हणून तं सकाळी सहाले बोलावलं होतं बाईले. या पोरानं तं तेच तेल घातलं जे आत होतं. त्याची काय गलती?”

ड्रायव्हरच्या जबाबात ते वाक्य होतं. पट्टीवरचं तेल बोटाने चोळून पाहिलं, तसंच आणलं. मी ते स्वतः लिहून घेतलं होतं आणि त्याच्या अर्थाकडे पाहिलंच नव्हतं.

मिस्त्रीचं बोलणं बाकावरून ड्रायव्हर ऐकत होता. तो उठला, मोटारीजवळ आला आणि त्याने विचारलं, “म्हणजे माह्यानं नाई झालं?”

“नाई रे बाबा. तुह्यानं काईच नाई झालं.”

तो तिथेच मोटारीच्या पायरीवर बसला. जमादार आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्याने ड्रायव्हरच्या हातात दिला आणि पेला रिकामा होईपर्यंत शेजारी उभा राहिला. त्या काळी, त्या जमादाराने, स्वतःच्या पेल्यातून. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर दोघेही अवघडले असते.

बाईंच्या दिरांनी फिर्याद मागे घेतली. माफी मागितली नाही, पण जाताना ड्रायव्हरला म्हणाले, “उद्यापासून कामावर येजो.” त्यांच्या तोंडून एवढंही मोठं होतं. नागपूरच्या दलालाला मी नोटीस पाठवून बोलावलं. आधी तो कानावर हात ठेवून होता. साडेचार डबे तेल निघाल्याचा पंचनामा टेबलावर ठेवला आणि सकाळी सहाची वेळ कोणी ठरवली होती असं विचारलं, तेव्हा तो उघडा पडला. फसवणुकीचा खटला टाळायचा तर दुरुस्ती त्याने करून द्यावी, असं बाईंनीच सुचवलं. मुंबईहून पातळ तेल आणि सील रेल्वेने पुलगावला आले. मिस्त्रीने पंधरा दिवस खपून गिअरबॉक्स उघडला आणि बसवला. ड्रायव्हर त्या पंधरा दिवसांत त्याच्या हाताखाली होता. मोटार त्यानंतर कित्येक वर्षं नागपूरला जात-येत होती, भर उन्हाळ्यातसुद्धा.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की, पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कारणही सांगितलं होतं. पोलीस मारून कबुली घेऊ शकतो. मी कधी मारत नव्हतो, म्हणून तो नियम माझ्यासारख्यांसाठी नाही, असं मला तोवर वाटत असे. त्या माणसाला मी बोटही लावलं नव्हतं. तो जे बोलला ते मनापासून बोलला आणि आपण काय केलं हे सांगताना त्याचा शब्द न् शब्द खरा होता. तरीही ती कबुली चुकीची होती. सज्जन माणसाला आपल्या हातून वाईट घडलं असेल अशी शंका आली, तर तो दोष कुणाचा हे शोधत बसत नाही, स्वतःवर घेऊन मोकळा होतो. अट्टल गुन्हेगार कधीच असं करत नाही. त्यामुळे पुढच्या सगळ्या नोकरीत कोणी चटकन गुन्हा कबूल केला की मी कागद बंद करत नसे. उलट त्या दिवसापासून तिथूनच तपासाला सुरुवात करू लागलो.